आत्याच्या खोलीतला ध्रुव

घरात खोल्या दोन, उत्तरेकडच्या खिडक्या दोन आणि मधे सागवानी दार एक. दाराला कडी एक. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ध्रुवतारा समुद्राच्या रेघेपासून दहा बोटं वर दिसत होता. दारापलीकडे, भागाआत्याच्या खोलीतून, तोच तारा आठ बोटं वर दिसत होता.

विशाखाने दोन्ही खिडक्यांतून पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. हात ताठ पुढे करायचा, बोटं आडवी जुळवायची, करंगळी समुद्राच्या रेघेवर टेकवायची आणि वर मोजत जायचं. हे तिला आत्यानेच शिकवलं होतं, तेव्हा ती खिडकीच्या गजांना धरून उभी राहायला शिकत होती. एक बोट म्हणजे दीड अंशाहून थोडं जास्त. दोन बोटं म्हणजे तीन अंशांच्या वर. तीन अंश आणि वर काही म्हणजे साडेतीनशे किलोमीटर. विशाखा नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी आली होती आणि असल्या हिशेबात ती चुकत नसे. आत्या मंगळुरात होती. घरातच होती, पलंगावर बसून लसूण सोलत होती, पण मंगळुरात होती.

"आत्ये, च्या घेतंस?" विशाखाने स्वयंपाकघरातून विचारलं.

उत्तर आलं नाही. तिने आधण ठेवलं, चहा केला, स्वतःचा पिऊन टाकला, कप विसळून पालथा घातला. मग बऱ्याच वेळाने दारापलीकडून आवाज आला, "घेतंय गो. साखर कमी घाल."

आवाजाला मंगळुरापर्यंत जाऊन यायला जेवढा वेळ लागावा तेवढाच लागला होता. तिने मनातल्या मनात भागाकार केला आणि तो ताऱ्याच्या उंचीशी जुळला, याचं तिला बरं वाटलं. चालत जायला मात्र एकच पाऊल पुरत होतं. ती दुसरा कप वाफाळता करून घेतला आणि उंबरा ओलांडून गेली. आत्याच्या हातात दिला तेव्हा चहा पार निवला होता.

या घरात कुणी कुणाचे आभार मानत नसे. त्याऐवजी चहा गरम द्यायचा, अशी रीत होती. विशाखाची आई गेली तेव्हा विशाखा मांडीवर मावेल एवढी होती आणि वडील बोटीवर असायचे. तेव्हापासून आत्याने तिला एकही कप निवलेला दिला नव्हता. कॉलेजच्या वर्षांत ती एसटीने केव्हाही येऊन पोचली तरी चहा वाफाळता असे. म्हणून आत्याने तो थंडगार चहा तक्रार न करता संपवला, तेव्हा विशाखाला फार लागलं.

टेकाडाच्या टोकावरच्या त्या वाडीत घरं धरून ठेवावी लागत. वाडी तांडेलांची होती. त्यांचे आजे-पणजे गलबतं घेऊन दक्षिणेला जात आणि परत येताना किनारा दिसत नसला तरी एका फळीच्या आधाराने आपलं बंदर शोधत. फळी तळहाताएवढी, फणसाच्या लाकडाची. तिच्या मधोमध भोक, भोकातून ओवलेला मेण लावलेला दोरा, दोऱ्याला गाठी. एकेका बंदराची एकेक गाठ. गाठ दातांत धरायची, दोरा ताणून फळी डोळ्यांसमोर आणायची, खालची कड समुद्राच्या रेघेवर ठेवायची. वरच्या कडेवर ध्रुव टेकला की आपण त्या बंदराच्या ओळीत आलो. मग सरळ किनाऱ्याकडे वळायचं.

गलबतं गेली, फळ्या राहिल्या. आता वाडीतल्या प्रत्येक घरात एक माणूस सांजेला, समुद्राची रेघ आणि तारा दोन्ही दिसतात तेवढ्या थोड्या वेळात, घराची गाठ दातांत धरून खिडकीशी उभं राही. तारा फळीवर टेकलेला असला की झालं. नसला तर दोऱ्याला हळूच हिसका द्यायचा, घर सरकून जागेवर येई. आत्याच्या दोऱ्याला आठ गाठी होत्या. फळीच्या अगदी जवळ एक बिननावाची, मग घराची, मग कारवार, मंगळूर, कालिकत, कोची, लंका आणि शेवटी मालदीव. त्यापुढे नुसता दोरा. दूरच्या बंदराची गाठ जास्त जाड बांधलेली असे.

"ही पयली कोणाची?" विशाखाने लहानपणी एकदा विचारलं होतं.

"तिचा बंदर अजून झाला नाय," आत्या म्हणाली होती.

आता काय बिघडलं होतं ते विशाखाच्या लगेच लक्षात आलं. दिवाळीनंतर आत्याने उरलेले दात काढून कवळी बसवली होती. पूर्वी तारा बघताना गाठीकडे बघावं लागत नसे. कुठली गाठ ते दात सांगत. कवळीचे दात काहीच सांगत नव्हते. दोरा त्यांच्यामधून सरकत राही आणि जी गाठ अडेल ती आत्या घराची समजे. घराची गाठ रोजच्या वापराने झिजली होती आणि कारवारची बारीक होती, त्या दोन्ही निसटून गेल्या. मंगळूरची अडली.

विशाखा शेजारच्या बाबलकाकांकडे गेली. ते ओटीवर जाळं विणत बसले होते. वाडीत सगळ्यात जुनं घर त्यांचं आणि सगळ्यात स्थिरही.

"माजो एक दात उरलो आसा," त्यांनी तोंड उघडून दाखवला. "त्या एका दातार अख्खा घर उभा आसा. आणि सून म्हणता, काढून टाका, वाईट दिसता."

"मी धरू काय घराची गाठ? आत्येच्या खोलीत जाऊन?"

"धरून बघ. पण घर एकाच तोंडाचा आयकता. ता माणूस जिता आसा तवसर दुसऱ्याचा आयकणा नाय."

"आणि शेवटची गाठ पण सुटली तर?"

बाबलकाकांनी जाळ्याची सुई खाली ठेवली. मग उठून ते तिला मागच्या आळीत सावळारामच्या घरी घेऊन गेले. घर रिकामं होतं. त्यांनी माजघराचं दार उघडलं. दाराआड भिंत होती. विशाखाने हात लावून पाहिला. गिलावा ओला होता.

"सावळाराम आत होतो. धा वर्सां झाली," काका म्हणाले. "अजून सुकलो नाय."

त्या सांजेला विशाखाने आत्याकडून फळी मागून घेतली आणि घराची गाठ स्वतःच्या दातांत धरली. तारा फळीच्या कडेच्या बराच खाली होता. तिने हिसका दिला. काही झालं नाही. तिने पुन्हा दिला, तेव्हा दोऱ्याने ओठ कापला.

"रवांदे गो," आत्या म्हणाली आणि पदराने तिच्या ओठावरचं रक्त टिपलं. "माका हय काय त्रास नाय. जरा उकाडता, एवढाच."

त्याच आठवड्यात विशाखाला लडाखमधल्या वेधशाळेतून पत्र आलं. तांत्रिक सहायकाची जागा, पौष महिन्यात रुजू व्हायचं. आत्याने ते पत्र तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि वाडीत सगळ्यांना सांगायला बाहेर पडली. ती स्वयंपाकघरातूनच बाहेर गेली, त्यामुळे वाडीतल्या कुणाला ती मंगळुरातून आली आहे असं वाटलं नाही. परतल्यावर तिने पेटी काढली आणि विशाखासाठी लोकरीचं पांघरूण शोधू लागली.

"तू जागेर इल्याशिवाय मी जाणार नाय," विशाखा म्हणाली.

"शाणी मा तू? तारे बघूक तुका बोलावतत, आणि तू माजे दात मोजीत बसतलंस?"

पण कवळी दिवसेंदिवस ढिली होत होती. हिरड्या आटत होत्या आणि दर वेळी थोडी जास्त जाड गाठ कवळीतून निसटत होती. कालिकतची गेली. आत्याच्या खोलीत खोबरेल तेलाचा आणि ओल्या मातीचा वास येऊ लागला. खिडकीच्या गजांच्या सावल्या आखूड झाल्या. स्वयंपाकघरात दिवा लावायची वेळ झाली तरी तिच्या भिंतीवर अजून ऊन असायचं. मग कोचीही गेली आणि ध्रुव चार बोटांवर आला. आता हाक मारली तर उत्तर यायला दुपारची संध्याकाळ व्हायची, म्हणून दोघी दारात समोरासमोर बसून बोलत. चहाचं मात्र काही जमत नव्हतं. विशाखाने थर्मास आणला. थर्मासातलाही निवला.

एका सकाळी आत्या फोन पुढे करत दारात आली. "माका कोण बोलयता बघ गो."

पडद्यावर संदेश होता. मालदीवमध्ये आपले स्वागत आहे.

विशाखाने त्या सांजेला आत्याच्या खोलीतून मोजलं. अडीच बोटं, वर थोडंसं. तारा समुद्रावरच्या धुरकट पट्ट्यात बुडत होता आणि शोधल्याशिवाय सापडत नव्हता. कवळीत अडेल अशी आता एकच गाठ उरली होती, शेवटची.

"आत्ये, तुका भय वाटत नाय?"

"वाटता," आत्या म्हणाली. "तुजो च्या गरम पिवक गावणा नाय, याचा."

विशाखा त्या रात्री झोपली नाही. कवळीला काय कळत नाही याचा ती विचार करत होती. प्लास्टिकचा दात आणि खरा दात यात फरक एवढाच, की खरा कुणाचा तरी असतो. उजाडल्यावर तिने बाबलकाकांची शिडी आणली आणि कौलांवर चढली.

तिचे दुधाचे दात आत्यानेच काढले होते. हलणाऱ्या दाताला फळीचा दोरा बांधायचा, विशाखाला ताऱ्याकडे बघायला सांगायचं आणि ती बघत असतानाच हिसका द्यायचा. मग दात कौलावर फेकायचा. विशाखा पन्हळीच्या कडेने सांभाळून पुढे गेली. दोन खोल्यांमधल्या भिंतीच्या वर, जिथे घराची कौलं संपून मालदीवची कौलं सुरू होत होती, तिथे तिच्या सावलीत पायरी पडली होती. कमरेपर्यंतची सावली लांब होती आणि पुढची आखूड. त्याच ओळीत, कौलांच्या खाली, पाण्याने वाहून आलेले दात अडकले होते. तिने ते वेचून ओच्यात घेतले. दुधाचे दात वीस असतात. तिला एकोणीस मिळाले.

तालुक्याला कवळ्या करणाऱ्या सामंतांनी तिचा दात उजेडात धरून पाहिला.

"बाय, कवळीत दुधाचो दात? शोभणार नाय."

"शोभेक नको. पुढच्या दाताच्या मागे बसवा, दोरो लागता थंय."

"इतकी वर्सां कवळ्यो करतंय, म्हाताऱ्यांका तरणे दात व्हये असतत," सामंत ब्रश शोधत म्हणाले. "एवढो तरणो कोणी मागूक नाय." पण त्यांनी दात नीट बसवला, घासून गुळगुळीत केला आणि कवळी डबीत घालून दिली.

विशाखा घरी पोचली तेव्हा स्वयंपाकघरात सांज झाली होती आणि आत्याच्या खोलीत अजून थोडा उजेड होता. आत्याने कवळी बसवली, जीभ फिरवून पाहिली आणि म्हणाली, "हो कोण?"

"मी," विशाखा म्हणाली. "एकोणीस गावले. विसावो खंय आसा?"

"तो कौलार टाकूकच नाय. पयलो होतो."

"मगे खंय आसा?"

पण समुद्राची रेघ आता जेमतेम दिसत होती आणि आत्याने दोरा तोंडात घेतला होता. दोरा तोंडात असताना कुणी बोलत नाही.

विशाखा दारात उभी राहिली. आत्या खिडकीशी, फळी पुढे धरून. दोरा ताणला गेला आणि विशाखाच्या स्वतःच्या जबड्यात, पुढच्या दातामागे, मेणाची चव आली. मग एक गाठ लागली. जाड, चपटी, जुनी.

"ही न्हय," विशाखा म्हणाली.

आत्याने दोरा दोन बोटांनी हळूहळू ओढून आत घेतला. पुढची गाठ लागली.

"ही पण न्हय. अजून घे."

दोरा सरकत होता आणि विशाखा डोळे मिटून, ज्या दाताचा तुकडाही आता तिच्या तोंडात नव्हता त्या दाताने, बंदरं ओळखत होती. लंका गेली. कोची गेली, तेव्हा तिला दक्षिणेचा वारा पाठीवर कळला. कालिकत, मंगळूर. कारवारची बारीक गाठ एखाद्या तांदळाच्या कणीसारखी लागली. मग मोकळा दोरा. मग दुहेरी बांधलेली, एका बाजूला किंचित झिजलेली गाठ. आजवर ती हिच्या आधारावर झोपली होती, पण तिला ती कधी लागली नव्हती.

"ही," ती म्हणाली. "हीच."

आत्याने दात आवळले. फळीवरचा तारा कडेच्या पार खाली होता. तिने हिसका दिला. पलंगाखालचं तांब्या-भांडं वाजलं. तिने दुसरा दिला, तिसरा दिला. भिंतीवरचा उजेड विझला, कारण इकडची सांज पुढे गेली होती, रेघ तेवढी अजून पुसट दिसत होती. खोलीतला ओल्या मातीचा वास निघून गेला आणि वाडीतल्या सुक्या मासळीचा आला. विशाखाने हात ताठ केला, करंगळी रेघेवर टेकवली. दहा बोटं. ती मागे स्वयंपाकघरात गेली आणि तिथून मोजलं. दहा बोटं.

"च्या घेतंस?" तिने विचारलं.

"घेतंय," आत्या तिथल्या तिथे म्हणाली. चहा एवढा गरम होता की तिला बशीत ओतून प्यावा लागला. कप रिकामा झाल्यावर आत्याने तो दोन्ही हातांत धरून ठेवला होता, आणि विशाखाने तो मागितला नाही.

पौषात विशाखा लडाखला गेली. वेधशाळा एका उजाड माळावर होती आणि चारी बाजूंनी डोंगर होते. तिथे ताऱ्याची उंची मोजायला माणूस लागत नव्हता. यंत्र सगळं सांगायचं, ध्रुव बत्तीस अंश आणि वर किती ते, दशांशाच्या पुढच्या कितीतरी आकड्यांपर्यंत. स्वतः मोजायचं म्हटलं तरी करंगळी टेकवायला समुद्राची रेघ नव्हती. ती पाण्याच्या जागी डोंगर धरून बघायची आणि चुकायची.

रोज सांजेला आत्याचा फोन यायचा. विशाखा बोलायची नाही, नुसती थांबायची. पुढच्या दातामागे दोरा सरकायचा, कारवार नकोसं लागून जायचं, मग दुहेरी गाठ यायची.

"हीच," विशाखा म्हणायची.

"ऊं," तोंडात दोरा धरून आत्या म्हणायची आणि फोन ठेवायची. एवढ्या बोलण्यावर दोघींचा दिवस नीट जायचा. विशाखा रोज रात्री कामावर जाताना मनाशी म्हणायची, की जगात आपल्याला जे काही ठामपणे ठाऊक आहे ते या एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडातून ठाऊक आहे. हे ती आत्याला कधी सांगू शकली नसती. म्हणून तिने ठरवलं होतं, की पहिल्या रजेत जायचं आणि सगळे दिवस चहा आपणच करायचा.

माघातल्या एका सांजेला फोन आला नाही.

दोरा मात्र सरकत होता. विशाखा वसतिगृहाच्या खोलीत खाटेवर बसली आणि वाट पाहू लागली. कारवार गेलं. दुहेरी गाठ आली. "हीच," ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. गाठ क्षणभर थांबली. मग दातामागून हलकेच निसटून गेली. दक्षिणेकडची गाठ परत आली नाही, दोरा फळीकडचा येऊ लागला. त्यानंतर बराच वेळ मोकळा दोरा येत राहिला, मेणाचा, थंड. आणि मग काहीतरी अडलं, आणि दातात कळ आली.

व्हरांड्यात, घर सरकताना वाजायचं तसं, तांब्या-भांडं वाजलं.

ती बाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाला, जिथे जादा कांबळी रचून ठेवलेली असत, तिथे भिंतीत एक सागवानी दार होतं. दाराला कडी एक. तिने ती काढली. चालत जायला एकच पाऊल पुरलं.

"दार लाव गो आधी," भागाआत्या म्हणाली. "काय थंडी ही! हयच ऱ्हवतंस तू?" तिने अंगाभोवती दोन लुगडी गुंडाळली होती. "ही घे च्या."

कपातून वाफ निघत होती. विशाखाने घोट घेतला आणि तिची जीभ पोळली.

उत्तरेकडच्या खिडकीत डोंगर नव्हते. समुद्राची रेघ होती, सांजेच्या उजेडात सरळ आणि स्वच्छ, आणि तिच्या खूप वर तारा.

"बरोबर इलंय काय बघ," आत्या म्हणाली आणि तोंडातला दोरा काढून, पदराला पुसून, फळी तिच्या हातात दिली.

विशाखाने फळीलगतची ती बिननावाची गाठ दातांत धरली. गाठीच्या आत काहीतरी कडक होतं, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं. तिने एक डोळा मिटला, दोरा ताणला, खालची कड रेघेवर टेकवली; तारा वरच्या कडेवर नेमका टेकला. मग तिने फळी खाली घेऊन हाताने मोजलं.

साडेवीस बोटं.